ऐनाच्या झाडावरचा परवाना

(भंडारा जिल्ह्याच्या जंगलात आढळणाऱ्या तसरच्या पतंगाची माहिती प्रस्तुत पाठात दिली आहे. हा पतंग कोठे राहतो, काय खातो आणि त्याच्या कोषापासून कापड कसे तयार होते, ते या पाठात वाचा.)

'परवाना' हा शब्द उर्दूत ऐकला की तुमच्या डोळ्यांपुढे शमा उभी राहते. शमेभोवती फिरणारा आणि शेवटी तिच्यावर जळून जाणारा परवाना आपल्याला गझलांमधून लहानपणापासून भेटत आला आहे. मराठीत मात्र परवाना म्हणजे परवानगीचा कागद. दुकानाचा परवाना, वाहन चालवण्याचा परवाना. उर्दूतल्या त्या उडणाऱ्या जीवाला मराठीत 'पतंग' म्हणतात. आता पतंग म्हटले की तुम्ही दोरा आणि मांजा शोधायला धावणार! कागदाच्या पतंगालाही मराठीत पतंगच म्हणतात, हे खरे आहे. पण या पाठातला पतंग जिवंत आहे. आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. 'ऐन' हे अक्षर तुम्ही पहिलीत शिकलात. या पाठातला ऐन मात्र एक झाड आहे. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

भंडाऱ्याहून पवनीकडे जाताना वाटेत कोंढा हे गाव लागते. हा भाग धानाच्या शेतांचा आणि तलावांचा. पवनीच्या बाजूला वैनगंगा नदी आहे आणि तिच्या पलीकडे उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याचे जंगल पसरले आहे. पूर्वेकडे कोका आणि नागझिरा यांची जंगले आहेत. या जंगलांत साग, बांबू, मोह, तेंदू यांच्याबरोबर ऐनाची झाडे असतात. ऐनाचे झाड ओळखायला फार सोपे आहे. त्याची साल काळपट, जाड आणि चौकोनी भेगा पडलेली असते. मगरीची पाठ जशी दिसते तशी. ऐनाचा भाऊ शोभेल असे दुसरे झाड म्हणजे अर्जुन. आपल्याकडे त्याला कहू म्हणतात. ते ओढ्याकाठी, नदीकाठी वाढते आणि त्याची साल पांढरट व गुळगुळीत असते. तसरच्या पतंगाचे घर म्हणजे मुख्यतः ही दोन झाडे.

तसरचा पतंग पहिल्यांदा पाहणारा माणूस दचकतो. पंख पसरले की तो पंधरा सेंटिमीटरच्या आसपास, कधी त्याहूनही मोठा भरतो. मादी पिवळसर किंवा राखी, तर नर विटकरी रंगाचा असतो. प्रत्येक पंखावर एक गोल ठिपका असतो. हा ठिपका नुसता रंगवलेला नसतो. तो काचेसारखा पारदर्शक असतो. पंखाला जणू खिडकीच बसवली आहे! नराच्या डोक्यावर पिसासारख्या दोन रुंद मिशा असतात. त्यांना शृंगिका म्हणतात. त्यांचे काम पुढे सांगतो.

एवढा मोठा हा जीव, पण तो काही खात नाही. खाण्यायोग्य तोंडच त्याला नसते. अळी असताना खाल्लेल्या अन्नावर तो आठवडाभर, फार तर थोडे अधिक दिवस जगतो. तेवढ्यात नराने मादी शोधायची आणि मादीने अंडी घालायची. दुसरे काम नाही. मादी फांदीवर किंवा कोषावर बसून राहते आणि तिच्या अंगातून एक गंध हवेत पसरतो. तुम्हाआम्हाला तो जाणवतही नाही. नराच्या पिसासारख्या शृंगिका मात्र तो दुरून टिपतात. फ्रान्समधील कीटकशास्त्रज्ञ झां आंरी फाब्र यांच्याकडे एकदा याच कुळातील एक मोठी मादी कोषातून बाहेर आली. त्यांनी तिला जाळीच्या पिंजऱ्यात ठेवले. त्याच रात्री चाळीसेक नर त्यांच्या घरात शिरले! अंधारात, झाडाझुडपांतून वाट काढत ते आले होते. गझलेतला परवाना प्रकाशाकडे जातो. हा परवाना अंधारात गंधाच्या मागे जातो.

मग पतंग दिव्याभोवती का फिरतात? हा प्रश्न तुम्ही विचारणारच. कवींनी त्याचे उत्तर केव्हाच दिले आहे, शास्त्रज्ञांना मात्र वेळ लागला. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात वेगवान कॅमेऱ्यांनी कीटकांचे उडणे टिपले गेले. त्यात असे दिसले, की उडताना कीटक आपली पाठ प्रकाशाकडे ठेवतात. रात्री जमिनीपेक्षा आकाश उजळ असते, म्हणून पाठ उजेडाकडे ठेवली की शरीर आपोआप सरळ राहते. जवळच दिवा असला की ही सवय त्यांना फसवते. ते पुन्हा पुन्हा दिव्याकडे पाठ वळवतात आणि त्याच्याभोवती अडकून पडतात. शायरांना हे पटेल असे नाही!

मादी साधारणपणे दीडशे ते अडीचशे अंडी घालते. आठ-दहा दिवसांत अंड्यांतून अळ्या बाहेर पडतात. अळी जन्मली की पान खायला लागते आणि झोपेचे काही दिवस सोडले तर खातच राहते. वाढताना तिची कातडी तिला तोकडी पडते. मग ती खाणे थांबवून स्वस्थ बसते, जुनी कातडी टाकते आणि पुन्हा खाऊ लागते. असे चार वेळा होते. पूर्ण वाढलेली अळी हिरवीगार, बोटापेक्षा जाड आणि दहा-बारा सेंटिमीटर लांब असते. तिच्या दोन्ही बाजूंना चांदीसारखे चमकणारे ठिपके असतात. एवढी मोठी अळी, पण पानांत ती चटकन दिसत नाही.

ही अळी फांदीवर कशी चालते, तेही पाहण्यासारखे आहे. पुढे तीन जोड्या खरे पाय आणि मागे मांसल पायांच्या पाच जोड्या. या मांसल पायांनी ती फांदी घट्ट धरते आणि सावकाश पुढे सरकते. सोयाबीनवरची उंटअळी तुम्ही पाहिली असेल. तिला असे पाय कमी असतात, म्हणून ती पाठीची कमान करून चालते. पतंगांच्या एका मोठ्या कुळातल्या अळ्यांना तर मांसल पायांच्या दोनच जोड्या असतात. मागचा भाग पुढे आणायचा, मग पुढचा भाग लांब टाकायचा. जणू वितीने फांदी मोजत चालल्या आहेत. म्हणून त्या कुळाला शास्त्रज्ञांनी 'जमीन मोजणारे' अशा अर्थाचे ग्रीक नाव दिले, जिओमेट्रिडी. भूमितीला इंग्रजीत जे नाव आहे, तेही याच शब्दांतून आले आहे. तसरची अळी भूमितीच्या वाटेला जात नाही. ती फक्त खाते.

पावसाळ्यात महिनाभर आणि थंडीत त्याहून बरेच जास्त दिवस खाल्ल्यावर ती दोन-तीन पाने धाग्याने ओढून जवळ आणते. आधी ती फांदीभोवती धाग्याचे एक कडे बनवते. त्या कड्याला एक मजबूत देठ जोडते आणि देठाच्या टोकाला स्वतःभोवती कोष विणते. कोष फळासारखा फांदीला लटकत राहतो. पाने गळून गेली तरी तो गळत नाही, कारण तो पानाला नाही, फांदीला बांधलेला असतो. कोषाचे कवच इतके टणक असते, की अंड्याच्या टरफलासारखे ते बोटाने फुटत नाही. आपल्याकडे कोषाला 'कोसा' म्हणतात आणि त्याच्या कापडालाही 'कोसा' म्हणतात.

आता एक फरक नीट लक्षात घ्या. तुतीच्या पानांवर वाढणारा रेशमाचा किडा हजारो वर्षे माणसाच्या घरात राहून पाळीव झाला आहे. (तुती म्हणजे तुमचे शहतूत.) त्याच्या पतंगाला उडताही येत नाही. तसरचा किडा तसा नाही. तो रानातलाच राहिला. त्याला घरात, सुपात, टोपलीत वाढवणे साधत नाही; त्याला उघड्यावरचे, उभे झाड हवे असते. भारतात तुती, तसर, एरी आणि मुगा असे चारही प्रकारचे रेशीम होते. त्यांतले तसर हे जंगलाचे रेशीम आहे. वेगवेगळ्या प्रदेशांत या एकाच जातीचे वेगवेगळे वाण तयार झाले. बस्तरच्या वाणाला 'रैली' म्हणतात, झारखंडच्या एका वाणाला 'डाबा'. आणि एका वाणाचे नाव आहे 'भंडारा'. आपल्या जिल्ह्याचे नाव शास्त्रज्ञांच्या कागदपत्रांत एका पतंगामुळे गेले आहे, हे इथल्या किती मुलांना ठाऊक असेल?

भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांत तसरचे किडे पाळण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या मुख्यतः धिवर समाजाच्या लोकांनी केले आहे. तलावात मासे पकडायचे आणि पावसाळा सुरू झाला की जंगलात जाऊन किडे पाळायचे. 'पाळायचे' हा शब्द ऐकायला सोपा वाटतो. प्रत्यक्षात काय करावे लागते? अंडी फुटायच्या बेतात आली की ती पानांच्या द्रोणात घालून झाडाला बांधतात. अळ्या बाहेर येऊन पानांवर चढतात. एका झाडाची पाने संपली की अळ्या बसलेल्या डहाळ्या तोडून दुसऱ्या झाडावर नेऊन ठेवाव्या लागतात. अळीला हाताने ओढून काढता येत नाही. ती फांदी सोडत नाही आणि तिला इजा होते.

आणि या सगळ्या दिवसांत राखण. सकाळी पक्षी येतात. दुपारी गांधीलमाश्या येतात. मुंग्या तर दिवसरात्र असतात. ऊजी नावाची माशी अळीच्या अंगावर अंडी घालते आणि तिची पिल्ले अळीला आतून खातात. म्हणून माणूस जंगलात झोपडी बांधून राहतो. हातात गलोल, तोंडाने हाकारे. (गलोल म्हणजे गुलेल, हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे.) शेतकऱ्याच्या पिकाला निदान कुंपण घालता येते. इथे पीकच झाडाच्या शेंड्यावर असते. एक मोठा पाऊस, एक वादळ, उन्हाची एक कडक लाट यांनी महिन्याची मेहनत जाते. कोणी भरपाई मागायची आणि कोणाकडे?

सगळ्यांत वाईट शत्रू मात्र डोळ्यांना दिसत नाही. पेब्रिन नावाचा एक रोग आहे. तो आईकडून अंड्यात आणि अंड्यातून अळीत जातो. एकोणिसाव्या शतकात या रोगाने फ्रान्समधला रेशमाचा धंदा बुडत आला होता. १८६५ साली लुई पाश्चर यांना त्यावर उपाय शोधायला पाठवण्यात आले. तोपर्यंत त्यांनी रेशमाच्या किड्याचा अभ्यास केलेला नव्हता. ते फाब्र यांना भेटायला गेले, कोष हातात घेऊन कानाजवळ हलवला आणि आत काही आहे का, असे त्यांनी विचारले. ही आठवण स्वतः फाब्र यांनी लिहून ठेवली आहे. आत प्यूपा असतो, हेही ज्यांना माहीत नव्हते, त्यांनी काही वर्षांत उपाय शोधून काढला. उपाय असा: अंडी घातल्यावर मादी पतंग कुस्करायची आणि तिच्या शरीरातला द्रव सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. रोगाचे जंतू दिसले तर तिची सर्व अंडी नष्ट करायची. आजही तसरची अंडी पाळणाऱ्यांना देण्यापूर्वी हीच तपासणी केली जाते. महाराष्ट्रात या कामासाठी १९९७ साली नागपूर येथे स्वतंत्र रेशीम संचालनालय स्थापन झाले. निरोगी अंड्यांना ते 'अंडीपुंज' म्हणून मोजून देतात. एका मादीची सगळी अंडी म्हणजे एक अंडीपुंज. माझ्या मते पाळणाऱ्याच्या दृष्टीने जंगलातली सगळी राखण एकीकडे आणि ही तपासणी एकीकडे. रोगट अंडी मिळाली तर राखण करून काय उपयोग?

कोष उतरवल्यावर ते वाफेवर किंवा उन्हात ठेवतात. त्यात आतला जीव मरतो. हे वाचून तुमच्यापैकी काहींना वाईट वाटेल, आणि वाटावे. पतंग बाहेर येताना एक द्रव सोडून कोषाचे टोक मऊ करतो आणि वाट काढतो. अशा उघड्या कोषातून सलग धागा सहज निघत नाही. तो वाया जात नाही; त्यापासून हाताने ओढून जाडसर सूत काढतात, त्याला 'घीचा' म्हणतात. पण गुळगुळीत, लांब धागा हवा असेल तर बंद कोषच लागतो. बंद कोष सोड्याच्या पाण्यात उकळतात, कारण टणक कवच साध्या पाण्याने सुटत नाही. मग चार-सहा कोषांचे धागे एकत्र करून ओढतात. अनेक ठिकाणी बायका हे धागे उघड्या मांडीवर घासून पीळ देत असत. तासन्‌तास घासून कातडी सोलवटून जाई. ही पद्धत बंद व्हावी म्हणून केंद्रीय रेशीम मंडळाने धागा काढण्याचे एक लहान यंत्र पुढे आणले. त्याचे नाव 'बुनियाद'. हा शब्द तुम्हाला समजावून सांगण्याची गरज नाही.

कामठी, मालेगाव, भिवंडी येथील मुलांना मागाची खटखट झोपेतही ओळखता येईल. आपल्या जिल्ह्यात पवनी, मोहाडी, आंधळगाव येथील कोष्टी विणकरांनी तसरवर एक खास वस्त्र विणले. त्याचे नाव 'करवत काटी'. या लुगड्याच्या काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी असते. त्यासाठी एकाच वेळी तीन धोटे चालवावे लागतात: दोन काठांचे दोन आणि मधल्या अंगाचा एक. काठाचा रंगीत धागा आणि अंगाचा तसर धागा एकमेकांत अडकतात, म्हणून दातांची रेघ स्वच्छ उमटते. या वस्त्राला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. म्हणजे ते नाव दुसरीकडच्या कापडाला लावता येत नाही. 'तसर' हा शब्दही संस्कृतमधल्या धोट्याच्या नावावरून आला, असे म्हणतात.

सर्व कोष मात्र उकळत नाहीत. उत्तम, वजनदार कोष बियाण्यासाठी बाजूला काढतात. त्यांच्या माळा करून हवेशीर घरात टांगतात. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात आतला जीव न खाता, न हलता पडून राहतो. बाहेर विदर्भाचे ऊन तापत असते आणि टणक कवचाआड तो थांबलेला असतो. जून महिन्यात पावसाळी हवा सुरू झाली, की संध्याकाळी एकेका कोषाचे टोक ओले होते आणि पतंग बाहेर येतात. पंख आधी चुरगळलेले असतात. ते लोंबकळत ठेवून तो वाळवतो. त्याच सुमारास ऐनाला आणि अर्जुनाला कोवळी पालवी आलेली असते. अळ्यांना पहिल्या दिवसापासून हीच कोवळी पाने लागतात.

ही झाडे बहुधा वनखात्याच्या जमिनीवर असतात. म्हणून किडे पाळायला परवानगी लागते. परवान्यासाठी परवाना! लाकडासाठी किंवा शेतासाठी ऐन तोडला गेला, तर पुन्हा लावलेले रोप पानांनी भरायला काही वर्षे जातात, आणि कोषातला जीव जूनच्या पुढे थांबत नाही. त्यामुळे पाळणाऱ्याला पाऊस पडण्याआधीच जंगलात एक फेरी मारून यावे लागते. कोणती झाडे उभी आहेत, कोणती गेली, कोणाला किती पालवी आहे, हे तो पाहून ठेवतो आणि त्याप्रमाणे किती अंडीपुंज घ्यायचे ते ठरवतो.

शब्दार्थ

पतंग – परवाना (उडणारा कीटक)
साल – झाडाची छाल
अळी – कीटकाची पहिली, रांगणारी अवस्था
वीत – बालिश्त
पालवी – नवी कोवळी पाने
राखण – निगराणी
हाकारे – पक्ष्यांना हाकलण्यासाठी दिलेल्या मोठ्या आरोळ्या
धोटा – मागावर आडवा धागा नेणारे साधन
करवत – आरी
काठ – किनार

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) तसरचा पतंग काही का खात नाही?
(आ) कोष पानांबरोबर गळून का पडत नाही?
(इ) अंडीपुंज म्हणजे काय?

२. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) तुतीचा रेशीमकिडा आणि तसरचा किडा यांत काय फरक आहे?
(आ) पेब्रिन रोगावर पाश्चर यांनी कोणता उपाय शोधला?
(इ) तसर पाळणाऱ्याला कशाकशापासून राखण करावी लागते?

३. 'परवाना', 'पतंग' आणि 'ऐन' हे शब्द मराठीत व उर्दूत कोणकोणत्या अर्थांनी येतात, ते सांगा. प्रत्येक अर्थाचे एक मराठी वाक्य तयार करा.

४. वचन बदला: अळी, पान, फांदी, धागा, कोष, माशी.

५. तुमच्या गावातील एका झाडाचे आठवडाभर निरीक्षण करा. त्यावर कोणते कीटक दिसले, ते पाने खातात की फुले, त्यांना कोण खाते, याची रोज दोन ओळी नोंद ठेवा.